वेटिंगमधली घागर

नेकनूरला दूध संघाच्या गाडीवर ड्रायव्हर होतो, तेव्हा दुष्काळ होता आणि गल्लीत दिवसाआड टँकर यायचा. तो येईपर्यंत रांगेत माणसं नसत, नुसत्या घागरी असत. त्यांची राखण एक म्हातारी करायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. उपड्या डब्यावर बसून ती दाताला मिश्री लावायची, आणि मध्ये घुसवलेली घागर दिसली की उचलून पार शेवटी नेऊन ठेवायची.

माझी लेक तिकडं कोकणात, गावी. तिचं नाव सरकारी कृषी विद्यापीठाच्या वेटिंग लिस्टमध्ये होतं. मी सातवीत शाळा सोडलेली, वेटिंग म्हणजे काय ते मलाच धड कळत नव्हतं. म्हातारीला मात्र लगेच कळलं.

"म्हंजे घागर लायनीत हाय. मंग तितं राखन कोन करतंय?"

"कुणी नाही, आजी. कम्प्युटरवर असतं."

"लई येडे बगा तुमी. राखनीबिगर घागर ठिवली व्हय?"

मग दर टँकरला तीच चौकशी. "ड्रायव्हर, सरकली का घागर?" बायका हसायच्या. त्या हसण्यानं माझ्या जिवाचा घोर तेवढ्यापुरता कमी व्हायचा.

नंबर लागल्याचा लेकीचा फोन आला, तेव्हा टँकर नुकताच थांबला होता. मी सांगताच म्हातारीनं माझी घागर उचलून सगळ्यांच्या पुढं ठेवली. बायका कुरकुरल्या. मी पाइप धरला, पण पाणी घागरीबाहेरच सांडायला लागलं.

"ध्यान कुटं हाय तुमचं?" ती म्हणाली. "शिकायला पोरगी चाललीय, तुमी न्हाई."