फाईलच्या आतलं नाव

सुलेखाचं आणि माझं रोजचं भांडण. शेंद्र्याच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, ती शेजारच्या खोलीत कागदपत्रं. मशीन कसं चालवायचं, माल कसा तपासायचा, हे लिहून ठेवायचं तिचं काम. माझ्या फॉर्मात एक रकाना रिकामा राहिला की बाई दारात हजर! "सर्जेरावभाऊ, हे कोण भरणार?" डोकं उठवते नुसतं. पण खरं सांगतो, तिच्याइतकं चोख काम करणारं माणूस आमच्याकडं दुसरं नाय.

मूळची देवगाव रंगारीची. नऊ वर्षं झाली, तरी कंत्राटावरच. यंदा एक जागा कायम होणार होती. नव्या मॅनेजर मोनिका मॅडमनी तिला बोलावलं, संगणकावर तिची एक फाईल घेतली आणि तिच्या प्रॉपर्टीज उघडल्या. फाईल कुणी बनवली ते तिथं दिसतं. ऑथर, बद्रीनाथ. दुसरी उघडली, बद्रीनाथ. दहावी उघडली तरी तेच.

"सगळं यांनीच केलंय, मग तुम्ही काय केलं?" मॅडमनी विचारलं.

बद्रीनाथकाका तिच्या आधी हेच काम बघायचे. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, शहरात छावणी भागात घरी नातवंडं खेळवतात. पण आमच्या हापिसात कोरी फाईल उघडायची पद्धतच नाय. काकांची जुनी उघडायची, 'सेव्ह अ‍ॅज' करायची, मजकूर पुसून नवा लिहायचा. फाईलचं नाव बदलतं, आतला ऑथर तोच ऱ्हातो. राबली ही आणि नाव काकांचं! स्टोअरमधल्या खोक्यावर बसून ती रडली, तव्हा मला असा संताप आला की विचारू नका.

पण रडत बसणारी नव्हं ती. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून पंधरा दिवसांत मॅक्रो लिहायला शिकली. म्हणजे संगणकाला एकदाच हुकूम लिहून द्यायचा, मग तो एकेक फाईल उघडून ऑथर बदलतो. कुठल्या फाईलला कोणतं नाव, ते तिच्या जाडजूड रजिस्टरात होतं. फाईलचा नंबर, तारीख, लिहिणारा. अकराशे नोंदी ती एक्सेलमध्ये चढवत बसली.

"कशाला एवढी उठाठेव?" मी म्हणालो. "सरसकट सुलेखा टाक अन् मोकळी हो. कोण बघतंय?"

अशी भडकली! "दोनशे बारा फाईली काकांनी स्वतः लिहिल्यात. त्या मी कशा घेऊ? माझं नाव नव्हतं तव्हा मला कसं वाटलं, ते मलाच ठाऊक हाय."

मी गुमान माझ्या खोक्यांकडं गेलो.

मॅक्रो आधी नकलांवर चालवून बघितला, मग खऱ्या फाईलींवर. अर्धा तास चालला. तिचा चहा तसाच गार झाला.

मॅडम आल्या. पहिली फाईल, सुलेखा. दुसरी, सुलेखा. तिसरी, बद्रीनाथ.

"ही राहिली वाटतं."

"नाही मॅडम, ती त्यांचीच आहे." तिनं रजिस्टर पुढं केलं.

मॅडमनी बरीच पानं चाळली. मग म्हणाल्या, "तुमची शिफारस आजच पाठवते. आणि तो मॅक्रोही द्या, बाकीच्या खात्यांना लागेल."

तिनं मॅक्रोची फाईल दिली. मॅडमनी सवयीनं तिच्याही प्रॉपर्टीज उघडल्या. ऑथर, बद्रीनाथ! बाईनं मॅक्रोसुद्धा काकांच्या जुन्या एक्सेलवर 'सेव्ह अ‍ॅज' करूनच लिहिला होता. मॅडम खो खो हसल्या. माझं तर हसून हसून पोट दुखलं. सुलेखानं ओढणीत तोंड लपवलं.

नाव बदलायला तिनं माऊस धरला, आणि थांबली. तिथनंच काकांना फोन लावला, स्पीकरवर टाकून सगळं सांगितलं.

"काका, ही एक फाईल माझी हाय, पण नाव तुमचंच ऱ्हाऊ देते. माऊस धरायला तुम्ही शिकवलं मला."

 पलीकडनं काका म्हणाले, "म्हंजे मला अजून कामावर ठेवलंस व्हय गं पोरी?"