अप्रेझलमध्ये मी ‘सगळं ठीक आहे’ म्हणाले

मंडळी, आज हॉस्पिटलमध्ये माझं अप्रेझल झालं.

मागच्या वर्षी वॉर्ड मॅनेजर म्हणाली होती, “तू मीटिंगमध्ये बोलतच नाहीस.” मोठ्यांच्या मध्ये तोंड घालायचं नाही, हे आईने अंगात भिनवलेलं. तरी बोलायला लागले. रात्री दोन नर्स पुरत नाहीत, पेशंट पडतात, हे प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत राहिले.

आज म्हणाली, “हल्ली तू जरा ॲग्रेसिव्ह वाटतेस.” माझ्याबरोबरची गोरी नर्स केट हेच बोलली, की ती मात्र ‘पॅशनेट’!

“अजून काही सांगायचंय?”

“नाही, सगळं ठीक आहे.”

ती खूश झाली. “बघ, किती सुधारलीस!”

आज रात्री वॉर्डवर पुन्हा दोनच नर्स आहेत. त्यातली एक मी. तुम्ही अजून बोलता का कामावर? कशासाठी?