माजघरातला तिसरा फोन

बाळांनो,

परवा व्हिडिओवर धाकट्याने विचारलं, "आजी, भिंतीवरच्या त्या फोनला वायर का नाही?" तेव्हा आमटी गॅसवर होती म्हणून "मग सांगते" म्हटलं. आता बसून लिहिते, कारण हे माहीत असलेली या घरात मी एकटीच उरले आहे.

रत्नागिरीत ब्रॉडबँड नुकतं आलं होतं आणि तिकडे अमेरिकेत थोरलीचं बारसं ठरलं होतं. नाव कानात सांगायचा मान आत्याचा. तुमच्या बाबाला बहीण नाही, म्हणून तो मान त्याच्या आत्याकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, तुमच्या आत्तेआजीकडे आला. ती आमच्याकडेच राहायची. तिने रेशमी लुगडं ऊन दाखवून तयार ठेवलं. पण आम्ही आधी एकदा कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लावून पाहिला, तर पडद्यावर थोरलीने जांभई दिली आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा. अशाने नावाचं जेमतेम पहिलं अक्षर पोचलं असतं.

आजोबांनी मोडेम कपाटावर चढवला. अँटेना उंचावर चालतो, मग हा का नाही, असं त्यांचं म्हणणं. मी मोडेमबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका वाचली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की एकाच लाइनवर जादा फोन असले की वेग पडतो. प्रत्येकाला फिल्टर लावावा. खोक्यात फिल्टर एकच होता आणि बाजारात दुसरा मिळेना, म्हणजे फोनही एकच ठेवायला हवा.

आमच्याकडे फोन तीन: पडवीत, स्वयंपाकघरात आणि माजघरात आत्तेआजीच्या खाटेशी. स्वयंपाकघरातला मी लगेच काढला. माजघरातल्यावरून मात्र वाजलं. पडवीत घंटी झाली की ती आपला फोन उचलून ऐकत बसायची. थोरली पोटात होती तेव्हा, बायकोला मळमळतंय, असं तुमचा बाबा मला सांगत असताना मध्येच तिसरा आवाज यायचा, "आलं चघळायला सांग तिला!"

"वहिनी, फोन काढलात तर मला कळायचं कसं?"

"काय कळायचं, वन्सं?"

"घरात काय चाललंय ते!"

"अगो ताई," आजोबा म्हणाले, "एकतर चोरून ऐक, नाहीतर बाळाचं नाव ठेव."

"चोरून? मी उघड उत्तरं देत्ये!"

दुपारी ती चहाला आली आणि म्हणाली, "कापा वायर. पण फोन भिंतीवरनं उतरवायचा नाही."

बारशाला तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. चित्र सुरळीत हलत होतं, आवाज स्वच्छ होता. तुमच्या आईने थोरलीचा कान स्पीकरजवळ नेला. आत्तेआजीने माइकभोवती ओंजळ धरून नाव इतकं हळू सांगितलं की शेजारी बसून मलाही ऐकू आलं नाही.

"आत्या, मोठ्याने!" तुमचा बाबा ओरडला.

"नाव बाळाच्या कानात सांगायचं असतं, गावाला नाही."

मग रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे. मी भीत भीत थोपटल्यासारखं केलं. आजोबांनी लहानपणापासूनचं सगळं वसूल केलं.

"हळू रे मेल्या!"

हेही एक अक्षर न तुटता अमेरिकेत पोचलं.

पुढे कित्येक वर्षं पडवीत घंटी वाजली की ती तो मुका फोन उचलून कानाला लावायची, आणि मग तिथूनच ओरडायची, "काय म्हणतो हो, वहिनी?"

आता आत्तेआजी नाही, आजोबा नाहीत, पडवीतला फोनही काढून टाकला. माजघरातला भिंतीवर आहे. शनिवारी मी तो पुसते.