नफीसा मॅडमची चाल

नफीसा मॅडम नसत्या, तर मी आज वरूडला संत्र्यांच्या पेट्या भरत असतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तो त्यांच्यामुळे. त्यांच्याबाबतची ही गोष्ट मात्र गेल्या आठवड्यापर्यंत मी कुणाजवळ बोललो नव्हतो — बायकोजवळही नाही.

त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. निवृत्तीनंतर अकोल्याला, जुन्या शहरात राहायला गेल्या. त्यांचे भाऊ एकेक करून सुरतेला कापडाच्या मागावर कामाला गेले. त्या जाण्यावर मॅडमनी कविता लिहिल्या. मी अमरावतीत पियानो शिकवतो. त्या कविता गळा आणि पियानो यांच्यासाठी बांधाव्यात, असं मनात आलं आणि त्यांच्याकडे गेलो.

"आधी आयक," म्हणाल्या. मग मुशायऱ्यात शायर आपल्याच सुरावटीत म्हणतात, तशी त्यांनी कविता म्हटली —

भाऊ गेला सुरतेला,
जुनी चप्पल दारापाशी.

'दारापाशी'वर आवाज किंचित घसरून थांबला. कुठे? पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे! तो सूर पियानोत नाहीच. मग तो ऐकू आल्यासारखा वाटावा, यासाठी काय करायचं? शेजारच्या दोन पट्ट्या हलक्या, एकदम? पेडल कितपत? महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या दिवशी मी विचारलं होतं, "मॅडम, चाल कोणाची?"

"चाल कायची, बाप्पा? कविता अशीच म्हनतेत."

मुशायऱ्यातल्या म्हणण्याला आमच्याकडे कुणी चाल म्हणत नाही. मला ते सोयीचं वाटलं — की मी ते सोयीचं करून घेतलं?

कार्यक्रम अमरावतीत झाला. गायली एक तरुण मुलगी, पियानोवर मी. पत्रिकेवर संगीतकार म्हणून माझं एकट्याचं नाव. नंतर एका ज्येष्ठ गायकांनी विचारलं, "ती 'दारापाशी'ची जागा कशी सुचली हो?" मॅडम माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

मी म्हणालो, "बसल्या बसल्या सुचली."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या गायकांना म्हणाल्या, "लहानपनापासूनच हुशार हाये हा पोट्टा."

हे कौतुक होतं? टोमणा होता? की त्या मला सांभाळून घेत होत्या? मी अजून विचार करतो. विचारायची हिंमत झाली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांना पत्र टाकलं. ते असं —

"मॅडम,
'दारापाशी'ची चाल तुमची आहे. तुमच्यादेखत मी ती माझी म्हणून सांगितली. त्या गायकांना आणि गाणाऱ्या मुलीला मी खरं कळवलं आहे. यापुढे चाल तुमच्या नावावर राहील, माझं नाव फक्त पियानोपुरतं. ही चाल आहे असं तुम्हाला वाटलं नसेल. मला त्याच दिवशी माहीत होतं. तुम्ही पाणी आणायला आत गेलात, तेव्हा मी ती लिहून घेतली होती.
— सुनील"