चिंचेवरचा कर्णा

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. मिटिंगला जावं, चहा प्यावा, घरी यावं, तर खिशात एक किस्सा निघतोच! त्यात मी ग्रामसेवक. साठ सालानंतर मळवलीच्या बाजूला एका ग्रामपंचायतीत होतो. सभेची खोली लहान, खिडकीत ही गर्दी. म्हणून सरपंचांनी बाहेरच्या चिंचेवर बॅटरीचा कर्णा टांगला आणि आत टेबलावर माईक ठेवला. गाव सभा ऐकू लागलं, आणि आमचे सभासद बदलले!

*

सरपंचांना सगळे आबा म्हणत. एरवी ते साध्या बंडीवर यायचे. कर्णा लागला त्या दिवशी कोट आणि फेटा!

मी म्हटलं, "आबा, कर्ण्यातून कोट दिसत नाही."

"दिसत न्हाई, पन आवाजात येतो!"

तेव्हापासून चांगलं खाकरल्याशिवाय आबा बोलायचे नाहीत. बाहेर पोरंही त्यांच्याबरोबर खाकरायची.

*

पूर्वी सभेत घोरणारे किसनभाऊ आता प्रत्येक ठरावाला विरोध करू लागले. एकदा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "आज माज्यावर जरा वरडा. सासुरवाडीची मानसं आल्यात, मी तुमाला गप करतो."

मी ओरडलो. त्यांनी मला असं झापलं की बाहेर टाळ्या! नंतर स्वतः चहा घेऊन आले. "लागलं न्हाई ना?" असा लाघवी माणूस.

*

हेच किसनभाऊ एकदा रस्त्याच्या ठरावावरून तापले होते. तेवढ्यात खिडकीतून त्यांच्या कारभारणीचा आवाज आला, "आवो, बेतानं! रातभर खोकत व्हता!"

"माजा इरोध मागं," म्हणून भाऊ खाली बसले.

*

डोंगरावरच्या वाडीचा सभासद धर्मा. माईक बघूनच त्याला घाम फुटायचा. वाडीतल्या बाया खालून डोक्यावर पाणी चढवायच्या. वाडीत विहीर खणायचा विषय निघाला की धर्मा गप्प, आणि आम्ही म्हणायचो, "पुढच्या सभेत बघू."

एका सभेला अख्खी वाडी खाली उतरली. आपला माणूस बोलणार म्हणून चिंचेखाली बसली. पुढे धर्माची म्हातारी आई. उन्हाळा तोंडावर आलेला.

मी माईक धर्मापुढे सरकवला. तो उभा राहिला. कर्णा नुसता घूं घूं करत होता.

शेवटी म्हणाला, "आये... ऐकू येतंय का?"

चिंचेखालून म्हातारी ओरडली, "मला येतंय रं लेकरा! तितं बसल्यात त्यास्नी येतंय का, ते इचार!"

धर्माने आमच्याकडे पाहिलं. मला तर मान वर करवेना.

आबांनी माईक ओढून घेतला. खाकरले नाहीत.

"येतंय, मावशे. हीर मंजूर."