सहा अक्षरांची गोळी

मी जिंतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल हाय. शाळेत एकच दिवस गेलो, तोबी खायला सुकडी वाटायलते म्हणून. तरी गावात बोलवा अशी की याला इंग्रजी येतं. कारण मोंढ्यात पोत्यावर आडत्याचा इंग्रजीत मार्का असतो, आन् कोणतं पोतं कोणाचं हे मी लांबूनच सांगतो. वाचून न्हाई, मोजून. चार अक्षरं आन् मधी शिडी, म्हंजे कोपऱ्यावरच्या दुकानाचं. पाच अक्षरं आन् शेवटी साप, म्हंजे त्याच्या शेजारच्याचं. लोकांला वाटलं गडी शिकलेला हाय. मीबी कोणाला न्हाई म्हनलो न्हाई. फुकटची इज्जत कोण वापस करतं?

बायकोच्या काळजातली झडप मागच्या साली परभणीला बदलली. तवापासून तिला दोन गोळ्या. सकाळी बीपीची अख्खी, सांजच्याला रक्त पातळ करायची अर्धी. लेक परभणीला नर्सिंग शिकायलीय. तिनं जाताना बजावलं, "आबा, ही अर्धीच. जास्त झाली तर रक्त थांबत न्हाई. नाव वाचूनच द्यायची."

"अख्खा मोंढा वाचतो मी," म्हनलं, "गोळीचं काय घेऊन बसलीस."

ती गेली आन् मी दोन्ही पाकिटं म्होरं मांडली. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, दोन्ही शर्टाच्या बटनाएवढ्या. मंग मी माझा मार्का लावला. बीपीची सहा अक्षरांची, पयलं खोपटं आन् मधी शिडी. रक्ताची सात अक्षरांची, पयला डोंगर आन् मधी दोन भाकऱ्या. रोज पाकिटावर बोट ठेवायचं, ओठातल्या ओठात मोजायचं, एकदा म्होरून, एकदा मागून. क्विंटलाचं पोतं उचलताना जो घाम येत न्हाई तो त्या बटनाएवढ्या गोळीला यायचा. असे आठ महिने काढले.

मंग बीपीची संपली. रक्ताचीबी चार-पाच दिवसांची उरलेली. मी चिठ्ठी घेऊन मेडिकलात गेलो. त्यानं एकच पाकीट दिलं. म्हनला, "दुसरी उद्या येईल. आन् याची कंपनी बदललीय, औषध तेच हाय."

कोणतं तेच, हे इचारायला पायजे व्हतं. पर इचारणारा अडाणी ठरतो. घरी येऊन मोजलं. सहा. पयलं खोपटं, मधी शिडी. बाकीची अक्षरं जरा येगळी दिसायलती, पर कंपनीच बदललीय म्हनल्यावर एखांदं अक्षर इकडं-तिकडं व्हणारच, असा मी हिशोब लावला. संपली व्हती बीपीची, म्हंजे ही बीपीचीच. सकाळी अख्खी दिली. सांजच्याला जुन्या पाकिटातली रक्ताची अर्धी, रोजच्यावानी. दुसरं पाकीट ही जुनी संपल्यावर आणू म्हनलं.

तिसऱ्या दिवशी राखुंडी लावताना बायकोच्या हिरड्यातून रक्त आलं. मी म्हनलं, "चोरून पान खाल्लंस काय?" ती हसली. दात लालभडक. चौथ्या दिवशी सकाळी गोळी घेऊन तिनं पदर खोचला, तर दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग.

"कुठं आपटलीस?"

"कुठंच न्हाई वो."

तवा मी पाकीट घेऊन भाईर पळालो. शेजारीपाजारी सगळे कापूस येचायला गेलेले, वाचणारं एक माणूस घरी न्हाई. माझा फोन बटनाचा, त्याच्यात फोटो निघत न्हाई. लेकीला लावला. सगळं ऐकून ती म्हनली, "आबा, नव्या पाकिटावरचं नाव वाचा."

मला नेहमी काहीतरी टवाळी सुचती. त्या वक्ताला तोंडातून खरंच निघालं.

"बाई, मला येत न्हाई."

"दिसंना का?"

"दिसतंय. वाचता येत न्हाई. कवाच आलं न्हाई."

 

"मंग आठ महिने कसं दिलं, आबा?"

"मोजून."

"बरं. किती अक्षरं हायत?"

"सहा."

"पयलं कसं दिसतंय?"

"खोपटं. दोन पाय फाकलेले, मधी आडवी बल्ली."

"ए. पुढं."

"आडत्या. पोट सुटलेला."

"आबा, मस्करी नका करू."

"मस्करी न्हाई ग माय. उभा माणूस, वर पोट फुगलेलं."

"खाली एक पाय पुढं टाकलाय का?"

"टाकलाय."

"आर. मंग?"

"शिडी. एका पायरीची. तिच्याम्होरं भाकरी."

बाकीची दोन तिनं सांगूच दिली न्हाईत. कसलंतरी नाव घेतलं आन् म्हनली, "ही रक्ताची हाय. सकाळी किती दिली?"

"अख्खी."

"सांजच्याला?"

"जुन्यातली अर्धी."

"किती दिवस?"

"आजचा चौथा."

मंग ती लेक राह्यली न्हाई, नर्स झाली. "आईला पडू देऊ नका, खरचटू देऊ नका. आत्ताच्या आत्ता परभणीला आना. दोन्ही पाकिटं संगं घ्या."

यष्टीत बायकोच्या चौबाजूनं वाकळ लावली आन् दोन्ही हातानं धरून बसलो. खड्डा आला की माझाच जीव आत फुटायचा. बोरी गाव मागं पडल्यावर ती म्हनली, "तुमी रोज गोळीवर बोट ठेवून काय पुटपुटायलते मंग?"

"अक्षरं मोजायलतो."

"मला वाटलं, माझ्यासाठी देवाचं नाव घ्यायलेत. म्हणून बिनघोर गिळायलते." असं म्हनून ती खिडकीकडं बघाय लागली. मला वाटलं हिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, गोळ्या कोण देतं. रांगेत धा-पंधरा माणसं. मी हात वर केला. म्हनलं, "मी देतो. मला वाचता येत न्हाई." डॉक्टर म्हनला, अजून दोन दिवस गेले असते तर रक्त डोक्यात उतरलं असतं. पाच दिवस ठेवून घेतलं तिला. पाचबी दिवस मी तिच्या हिरड्याच बघायलतो.

आता लेकीनं तिचा जुना मोबाइल दिलाय. मी त्याच्यापुढं पाकीट धरायचं, तिनं तिकडून वाचायचं, मंगच गोळी. घरात रेंज येत न्हाई, म्हणून सकाळ-सांज आमी दोघं पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर जातो. वाटंत कोणीतरी टोकतंच, "काय पाव्हणं, फिरायला का?"

"मला वाचता येत न्हाई, गोळी वाचून घ्यायला चाललोय," मी सांगतो. ते हसतेत. त्यांला वाटतं, याची नेहमीची टवाळी.

काल लेक म्हनली, "आबा, पाकीट हलवू नका, अक्षरं दिसंनात."

मी हलवत नव्हतो. बायकोनं खालून माझं मनगट घट्ट धरलं, तवा कुठं तिकडून नाव ऐकू आलं.