न्यायमूर्ती ट्वेट यांची अकरा पानं

न्यायमूर्ती हॅल्वर ट्वेट आमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात चोवीस वर्षं बसले, आणि खरोखर बसलेच. मी त्यांची स्टेनो, म्हणून सांगते. पाच जणांच्या बैठकीत सगळ्यात नवा न्यायाधीश आधी बोलतो, सगळ्यात जुना शेवटी. साहेबांची पाळी येईपर्यंत निकाल ठरलेलाच असायचा. बाहेर येऊन चष्मा पुसत म्हणायचे, "इर्मा, टाइप कर. सहमत."

आमच्याकडे न्यायाधीशांसाठी दर आठ वर्षांनी मतदान होतं. समोर कुणी उमेदवार नसतो. यांना ठेवायचं की नाही, एवढंच विचारतात. साहेबांचं धोरण पक्कं होतं. "ज्याचं नावच कुणाला ठाऊक नाही, त्याला काढणार कोण?" दोनदा दणक्यात निवडून आले.

तिसऱ्या मतदानाच्या वर्षी डेल रस्कचं प्रकरण आलं. धान्यकोठारात काम करताना यंत्रात त्याचा उजवा हात गेला होता. अपील एक दिवस उशिरा पोचलं, म्हणून कंपनी म्हणे फेटाळा. चौघे न्यायाधीश तयार.

साहेब बाहेर आले. "इर्मा, हिमवादळाच्या त्या आठवड्यात आपण कुठे होतो गं?"

"घरीच की! तुमची गाडी दारात गाडली गेली होती."

"मग त्याचा कागद काय उडत येणार होता?"

आणि अकरा पानं सांगितली. मला इतका आनंद झाला की एक पान दोनदा टाइप करावं लागलं. ती वाचून दोघे फिरले आणि डेल जिंकला.

कंपनीनं हायवेभर फलक लावले: 'ट्वेट यांना नाही म्हणा.' लोक आज्ञाधारक. साहेब पडले.

त्यानंतरच्या रविवारी चर्चच्या जेवणाला आमच्यासमोर नेमका डेल येऊन बसला. साहेबांना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"वकील म्हणाला, कुणीतरी एक जज अडून बसला माझ्यासाठी," तो सांगत होता. "नाव नाही विचारलं. देवमाणूस असणार. त्या ट्वेटला मात्र घरच्या सगळ्यांनी 'नाही' केलं. एवढे फलक काय उगाच लावतात?"

मी तोंड उघडलं. साहेबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "सहमत," म्हणाले, आणि डेलच्या बटाट्याच्या पोळीला लोणी लावून दिलं, कारण एका हातानं त्याला ते जमत नव्हतं.